वाढत गेलेली बाही

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. त्वचेच्या डॉक्टरांचं म्हणणं मी आधी मनात वाचलं, मग तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाला लागत नाही, पुढे त्याचं काही वाईट होत नाही, हे ऐकल्यावर ती चुलीपाशीच खाली बसली. दोन महिन्यांत काल पहिल्यांदा आम्ही दोघं धड जेवलो. जिवावरचं काही नाही ना, मग बाकीचं आपण बघून घेऊ.

बाकीचं म्हणजे तुझे नवे मॅनेजरसाहेब. चौदा वर्षं तू त्या हॉटेलच्या काउंटरवर उभा आहेस. एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याला पुढच्या खेपेस नावाने हाक मारतोस, हे त्यांना ठाऊक नसेल तर ते नवेच म्हणायचे. येत्या एक तारखेपासून तुला मागच्या चादरी-टॉवेलांच्या खोलीत बसवून ते तुला आराम देणार म्हणे. मागितला कोणी होता?

माझा हिशेब साधा आहे. हात दिसले नाहीत तर विषयच उरत नाही. म्हणून सोबत तिसरा कोट पाठवतोय. कापड राखाडी, वीण बारीक, नजर ठरणार नाही असं. गळा वरपर्यंत बंद होतो. खांद्याची शिवण मी दोनदा उसवली, तेव्हा कुठे ती मनासारखी बसली. मी कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेलो नाही, लोकांचे जुने कोट उसवून उसवून शिकलो. पण एकाचा खांदा उतरता आहे की दुसऱ्याचं पोट पुढे आलंय, हे माझा कोट घातल्यावर त्याच्या बायकोलाही कळत नाही. तेव्हा तू निर्धास्त राहा. काउंटरवर हात फार पुढे करू नकोस, एवढं सांभाळ.

वहिनी विचारते, जेवणाचे हाल करतोस का. उत्तर खरं दे. आमच्या लोभाला कुठे टाका सुटलेला नाही, तूही सुटू देऊ नकोस.

तुझा दादा


दि. १३ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

कोट पोचला. जेवणाचे हाल नाहीत, उलट पट्टा एक भोक पुढे गेलाय, असं वहिनींना सांग.

खांदा सुरेख बसलाय. आता जे लिहितोय ते रागाने लिहीत नाही, तूही तसं वाचू नकोस.

दोन वर्षांपूर्वीच्या निळसर कोटाची बाही मनगटाच्या जरा खाली आली होती. मला वाटलं, दादाचा हात चुकला. मग वाटलं, दादाचा हात चुकत नाही. गेल्या वर्षीच्या बिस्किटी कोटाची बाही अंगठ्याच्या मुळाशी आली. या राखाडी कोटाची तर बोटांच्या पेरांपर्यंत येते, पेन धरताना मागे सारावी लागते. दादा, मी स्वतःच्या हातांकडे बघणं केव्हाच सोडून दिलं होतं. दर दिवाळीला घरी आलो की तू ते बघायचास, आणि डाग कुठवर आलेत, ते मला तुझ्या बाहीवरून कळायचं.

तू माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलंस, पण कोड हा शब्द एकदाही लिहिला नाहीस. डॉक्टरांनी पहिल्याच ओळीत लिहिलाय. तुला माझी लाज वाटते असं मी म्हणत नाही. पण ज्याने मला लहानपणी खांद्यावर बसवून अख्ख्या बाजारातून मिरवलं, त्यालाच मी झाकून ठेवण्यासारखा वाटत असेन, तर साहेबांना काय बोल लावू?

चादरींची खोली मी घेईन म्हणतो. खिडकी नाही, पण कापूर ठेवल्यासारखा स्वच्छ वास आहे आणि चादरी कुणाच्या हाताकडे बघत नाहीत. एकतीस तारखेला किल्ली मिळेल.

माझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझा धाकटा


दि. २२ मार्च

चि. भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. हे पत्र वाचून फाडून टाका, म्हणजे तुम्ही ते जपून ठेवाल.

तुमचं पत्र आल्या दिवशी यांनी मशीनवर कापड लावलं आणि तासभर पाय हलवला नाही. चहा गार झाला. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, सुई बोथट झालीय. तुमचं पत्र मी नंतर खिशातून काढून वाचलं. मला नवऱ्याचे खिसे तपासायची सवय नाही, पण धुवायला टाकलेल्या कपड्यांसाठी ती लावून घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी यांनी खडूने स्वतःच्या डाव्या हाताची बोटं पांढरी केली आणि दुकानात जाऊन बसले. लोक कसे बघतात ते यांना बघायचं होतं. दिवसभरात कोणी ढुंकून पाहिलं नाही. शिंप्याच्या हाताला खडू, त्यात नवल कोणाला? संध्याकाळी तोंड पाडून परत आले. यांची अक्कल बटणघरासारखी आहे भाऊजी, बारीक आणि नेमकी, पण एकाच जागी.

मग दाराचा उरलेला पांढरा रंग काढला, दोन्ही हातांना लावला, मनगटापर्यंत, तुमच्या आधीच्या पत्रात डॉक्टरांचं म्हणणं होतं तस्सा. स्वतःचा राखाडी कोट घातला आणि जिथे कोणी ओळखत नाही अशा लांबच्या भाजीबाजारात गेले. भाजीवालीने पिशवी हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागली. घरी आल्यावर मला एवढंच सांगितलं. भाजी मात्र दोन दिवस यांनी खाल्ली नाही.

त्यानंतर ते ओळीने पाच दिवस गेले. रोज वेगळा कोट. नाटकमंडळींचे शिवून पडलेले होते, मोरपंखी, शेंदरी, पिवळा, सगळे घालून झाले. वहीत रकाने आखून लिहिलंय, कोणत्या रंगाला कोण कुठे बघतं. पोपटी रंगाला लोक हसतात, असा शेरा आहे. डाळिंबी कोट होता त्या दिवशी त्याच भाजीवालीने यांना विचारलं, कुठल्या बँडमध्ये वाजवता, आणि बोलता बोलता पिशवी हातात दिली. कोट बदलल्याने माणूस बदलत नाही, हे यांनाही कळतं. पण तिने आधी तोंडाकडे पाहिलं, असं म्हणत होते.

रंग अजून निघालेला नाही. रॉकेलने हात चोळून चोळून कोपरापर्यंत वास मारतोय. पार्सल येईल. उघडायचं की नाही ते तुमच्यावर. माझा जीव दोघांतही सारखाच आहे, तो टांगणीला लावू नका.

तुमची वहिनी


दि. २४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पहिल्या कोटाची बाही मी अर्धा इंच वाढवली होती, दुसऱ्याची दीड, तिसऱ्याची साडेतीन. विचारलं नाही. शिंप्याच्या भावाला बाही कळणार नाही असं मी धरून चाललो, याला गाढवपणा म्हणतात. उतरता खांदा झाकायची सवय लागली की हाताला दुसरं काही सुचत नाही. पण गिऱ्हाईक खांदा झाक म्हणून सांगतं. तू मला तसं कधी सांगितलं नव्हतंस.

तुला कोड आहे. लिहिलं.

सोबत डाळिंबी रंगाचा कोट आहे. रंग चार दुकानं हिंडून मिळाला. लाल नाही, जांभळा नाही, दाणा नखाने फोडल्यावर जो दिसतो तो. गळा उघडा आहे. बाही मनगटाच्या हाडावर संपते, एक सूत पुढे नाही. आतलं अस्तर मोहरीच्या फुलाच्या रंगाचं, हात वर केलास तरच दिसेल. वरच्या खिशात त्याच रंगाचा रुमाल ठेव, घडी करून नाही, मधोमध धरून खोचायचा. कॉलरवर लावायला हिरव्या काचेचा पितळी भुंगा पाठवतोय. घड्याळदुरुस्तीवाल्याकडून करून घेतला, अंगठ्याएवढा आहे. वहिनी म्हणते जास्त होतंय. मला वाटतं, व्हायलाच हवं.

घालायचा की नाही ते तू ठरव. चादरींच्या खोलीत घातलास तरी मला चालेल. शिवायचा मात्र असाच होता.

चुकलेलं उसवून पुन्हा शिवता येतं एवढंच मी आयुष्यात शिकलो. तेवढ्या भरवशावर लोभ ठेव.

दादा


दि. ३ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पार्सल मी तीन दिवस उघडलं नाही. एकतीसला चादरींच्या खोलीची किल्ली हातात पडली, तेव्हा घरी येऊन उघडलं. अस्तर बघून हसू आलं. एवढा उजेड आतल्या बाजूला लावणारा तूच.

एक तारखेला सकाळी तो घालून मी काउंटरवर जाऊन उभा राहिलो. किल्ली खिशात होती. रजिस्टर उघडून त्या दिवशीची तारीख घातली.

साहेबांनी आत बोलावलं. महिनाभर ते आराम, वय, कामाचा ताण असं काय काय बोलत होते. त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बोलले, की हा रंग काउंटरला शोभत नाही. दादा, मला एकदम हलकं वाटलं. रंगाबद्दल भांडता येतं. मी नियम मागितला. त्यांनी कपाटातून नियमांची वही काढली. तीत लिहिलेलं होतं, कोट स्वच्छ, इस्त्री केलेला आणि अंगाला बेताचा असावा. त्यांनी दोनदा वाचलं, मीही वाचलं. बेताचा आहे की नाही हे त्यांनीच सांगावं, असं मी म्हटलं. शिवण त्यांनी बोटाने चाचपून बघितली आणि वही मिटली.

मग मी हात त्यांच्या टेबलावर ठेवले. हे कोड आहे, कुणाला लागत नाही, डॉक्टरांचं पत्र हे इथे आहे, आणि मी काउंटरवरच उभा राहणार आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, हातांबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला. किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. शेवटी म्हणाले, निदान तो किडा तरी काढा. मी लगेच काढला. काहीतरी ऐकलं गेलं म्हणून त्यांचाही चेहरा सैल झाला. किल्ली त्यांनी स्वतः उठून खिळ्याला अडकवली.

तीन दिवस झाले. दोन पाहुण्यांनी कोट कुणी शिवला ते विचारलं. काही जण हातांकडे बघतात, मग कोटाकडे, मग माझ्याकडे. एकाने किल्ली माझ्या हातातून न घेता काउंटरवर ठेवायला सांगितलं. ठेवली. पूर्वी असा दिवस मला संपत नसे, त्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपला. एका लहान मुलीने बोटं पांढरी का म्हणून विचारलं. आई तिला ओढायला लागली, पण मी सांगितलं की तिथला रंग निघून गेलाय, दुखत नाही. तिने बोट दाबून खात्री करून घेतली आणि पुढे निघून गेली.

आता झोप येते. लोभ तुझ्या मापाने असू दे, माझ्या मापाने तुटपुंजा पडेल.

तुझा धाकटा


दि. १९ एप्रिल

ती. वहिनींना सा. न.

दादा बटणं आणायला जातो सांगून निघाला असेल, तर तो कुठे होता ते कळवतो. चार तास बस करून तो इथे आला आणि न कळवता काउंटरपुढच्या रांगेत उभा राहिला. पुढे दोन पाहुणे होते. मी त्याला पाहिलं, त्यानेही पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. मीही घाई केली नाही. दोघांची नावं लिहून घेतली, किल्ल्या दिल्या, सामान कुठे ठेवायचं ते सांगितलं.

त्याची पाळी आली तेव्हा मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्याने नाव लिहिलं, धंद्याच्या रकान्यात कोट शिवणारा असं लिहिलं. मग म्हणाला, दुसरं बटण सैल झालंय, कोण लक्ष ठेवतं इथे. असं म्हणत त्याने काउंटरवरून हात पुढे केला आणि बटणाऐवजी माझा हात धरला, बोटांवरून, सगळ्यांसमोर. त्याच्या नखांत अजून पांढरा रंग होता. सोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. मागे चार माणसं उभी होती, साहेब जिन्यात होते.

त्याचे डोळे भरले होते. मी हॉटेलचा नॅपकिन पुढे केला. त्याने डोळे पुसले, नॅपकिन उलटा करून पाहिला, आणि म्हणाला की दुमडीची शिवण एका बाजूला जाड आलीय, असला माल तुम्ही पाहुण्यांना देता.

तो नॅपकिन आणि हे बंद पाकीट घेऊनच निघतोय. आल्यावर रागावू नका, आधी जेवायला वाढा. वाटेत त्याने काही खाल्लेलं नसेल. तुमच्या लोभावर आम्ही दोघं भाऊ वाढलो, तो आटायचा नाही हे गृहीत धरतो.

तुमचा भाऊजी