सांभाळून घेणारा डोळा

वडपे, तालुका भिवंडी
१२ मे १९९४

चि. केसरीनाथ यास आजीचा आशीर्वाद.

इकडे सगळी धडधाकट आहोत. तू असणारच, अमेरिकेत कोण उपाशी मरतो? मी दुसरी शिकलेली, अक्षर लावून घे.

तुझं पत्र वाचलं. माणसाच्या डोळ्यावरून, मेंदूवरून बेतून तू चिप केलीस. वाळूपासून करतात म्हणे. तिच्यात हजारो बारीक डोळे. कारखान्यातून निघतानाच एक उजळ, एक मंद, दोन सारखे न्हायत. पण फेकायचे न्हाय. प्रत्येक डोळा आपली खोट ओळखतो नि सांभाळून घेतो. बरं केलंस.

आणि त्याच कागदावर खाली, "सुगंधाच्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन करा, मग डिसेंबरात लग्नाला येतो."

वाळूची खोट पोटात घातलीस, मामाच्या पोरीची डोळ्यात खुपली. साखरपुड्याला काय आंधळा होतास?

हां, रामनाथचं लग्न झालं, ते कळवायचं राहिलं. थोरला असताना धाकट्याचं आधी, म्हणून गाव कुजबुजला. कुजबुजू दे. हळदीला बँड होता, मटण पुरलं. कामतघरला त्याच्या कापडाच्या लूमचा धोटा अडतो, तो शिव्या घालतो नि चालवतो. बायकोशीही तसाच नांदेल.

नवरीला नथ शोभली. अक्षता पडताना ती कुणाकडे बघत होती ते कळलं न्हाय. तिचं कधीच कळत न्हाय.

ओळखलीस ना?

तुझी आई रडत होती, "आत्याबाई, केसरीला आधी कळवू या." मी म्हटलं, "कळवलं तर येईल."

पोरीला विचारलं का? न्हाय विचारलं. सहा वर्षं तुझ्या नावानं बसवली तेव्हा तरी कोणी विचारलं होतं?

समोरचं हललं न्हाय की तुझ्या चिपला ते हळूहळू दिसेनासं होतं, असंही लिहिलं होतंस. पोरगी सहा वर्षं ओट्यावरून हलली न्हाय. मी हलवली. आता दिसली असेल.

डिसेंबरात जरूर ये. सुगंधाच वाढेल. तू आता थोरला दीर. तुझ्यासमोर पदर पुढे ओढून खाली बघेल. डोळा तुला दिसायचा न्हाय.

रामनाथची, सुगंधाची, नि उरली तर तुझी,
आजी