तिसरी बाई विकली

६ नोव्हेंबर

सांगून टाकलं श्रेयसला. झालं!

निताला शब्द दिला होता, तुझ्या पोराला कळू देणार नाही म्हणून. चार दिवससुद्धा टिकला नाही माझा शब्द. आज दुपारी नांदेडला फोन लावला आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाले.

त्या दिवशी नांदेडहून परत येत होतो. गाडी नेहमीसारखी निताच चालवत होती, मी शेजारी. आखाडा बाळापूर यायच्या आधी मी तिला काहीतरी विचारलं, ती बोलेना. बघते तर डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. तोंड नुसतं हलतंय, काहीतरी चावल्यासारखं. आणि गाडी डावीकडं सरकत चाललेली. पुढं कापूस वेचून घरी निघालेल्या बाया, रस्त्याच्या कडेनं! मी स्टिअरिंगला हात घातला. कसा घातला, देव जाणे. गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या तुरीत घुसली आणि बंद पडली. समोरून काही येत नव्हतं म्हणून वाचलो.

थोड्या वेळानं निता माझ्याकडं वळून म्हणते, "थांबलो काहून गं?"

तिला काहीच आठवत नव्हतं.

एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढून बाहेर काढली. कळमनुरीला घरापर्यंत पुन्हा तीच चालवत आली. मी दाराचा दांडा घट्ट धरून बसलेली. "उपासानं चक्कर आली असंल. श्रेयसला सांगायचं न्हाई, पद्मे. गाडी काढून घेईल तो." मी हो म्हटलं.

पण त्या बायांतल्या एकीच्या पाठीला झोळी होती. झोळीत लेकरू. डोळे मिटले की तेच दिसतं.

९ नोव्हेंबर

श्रेयस आईला नांदेडला घेऊन गेला. डोक्याच्या तपासण्या केल्या. चक्कर नाही म्हणे, फिटच आहे — हातपाय न झाडता येणारी. गोळ्या सुरू. आणि गाडी बंद. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर सांगितलं.

परत आल्यावर मी भेटायला गेले. श्रेयस सध्या इथंच राहणार म्हणे; आत फोनवर बोलत होता. निता पलंगावर बसलेली. म्हणाली, "तूच सांगितलंस ना?"

मी मान हलवली.

"बरं केलंस." एवढंच. आणि तोंड भिंतीकडं.

१३ नोव्हेंबर

फोन उचलत नाही.

१६ नोव्हेंबर

श्रेयस आला होता. गाडी विकायची ठरली. "मावशी, गाडी तुमच्याच अंगणात उभी हाय, गिऱ्हाईक आलं तर तुमीच दाखवा. आईला न्हाई सहन व्हायचं." आणि मला होणार आहे का? विचारलं नाही त्याला.

तो गेल्यावर गाडीत जाऊन बसले. एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन होती ही. निता रिटायर झाली त्या वर्षी शाळेनं विकायला काढली, हिनं घेतली. मला वाटलं डोकं फिरलं हिचं! खेळाची बाई, आयुष्यभर शिट्टी वाजवत पोरांना पळवलं, आता घरात बसवत नव्हतं तिला. बंडू सुताराकडून आतली बाकडी काढून दोन फळ्या बसवून घेतल्या — दिवसा बसायला, रात्री झोपायला. मागच्या दाराशी गॅसची छोटी शेगडी, पाण्याची टाकी, तोटी. पडदे मी शिवले. निळा रंग दिला. गावानं नाव ठेवलं 'तिसरी बाई'. निताबाई, पद्माबाई आणि ही. कुठं निघालो की चौकात आमच्या शाळेतली जुनी पोरं ओरडायची, "तिन्ही बाया निघाल्या!"

आम्ही फार लांब गेलो असंही नाही. माहूर, लोणार, एकदा थेट कोकणात. पण मी, मराठीची बाई, लग्न न केलेली, भावाच्या घरी पाहुणी म्हणून जाणारी — मला कधी कुणी विचारलंच नव्हतं की पद्मजा, तुला कुठं जायचंय? निता रोज विचारायची. गाडी सुरू करायची आणि विचारायची, "बोल, कुठं?"

१९ नोव्हेंबर

दोन गिऱ्हाइकं.

पहिला निवडणुकीला उभा राहणाऱ्याचा माणूस. वर भोंगे बसवायचे, चारी बाजूंनी फोटो. "बाई, ही खिडकी बुजवली तर साहेबांचा चेहरा बराबर बसंल का?" मी म्हटलं, साहेबांनाच घेऊन या, मोजून बघू. गेला.

दुसरा साखरा गावचा. गाडीत गिरणी टाकून गावोगाव दळण दळून द्यायचं म्हणतो. माणूस चांगला. पण फळ्यांवर पाय आपटून बघितला, शेगडीकडं बोट करून म्हणाला, "हे सगळं भंगार काढावं लागंल." भंगार! मी त्याला इंजिन खराब आहे म्हणून सांगितलं. धडधडीत खोटं.

२२ नोव्हेंबर

आज निताकडं गेले. दार तिनंच उघडलं. बस म्हणाली नाही, मीच बसले.

म्हटलं, "निते, त्या बाईच्या पाठीला लेकरू होतं."

"मला काय दिसलं न्हाई. तूच सांगतेस."

"मग मी खोटं बोलते का?"

"न्हाई." मग एकदम आवाज चढला. "पण आधी मला म्हणायचं होतंस ना! निते, चल डॉक्टरकडं, म्हणायचं होतंस. मी आले असते. रडत आले असते, पण आले असते. तू थेट पोराला सांगितलंस. आता तो मला अंघोळीला जाताना कडी लावू देत न्हाई. लहान लेकरू करून ठेवलं माझं!"

खरंच तसं करता आलं असतं. का नाही सुचलं? घाबरले होते. तिला घाबरले होते — तिच्या आवाजाला, नाही म्हणण्याला. फोनवर श्रेयसला सांगणं सोपं होतं.

निघताना ती म्हणाली, "तुझं काय जातंय, तू नुसती शेजारी बसणारी."

वाटेत भाजी घ्यायची होती. तशीच घरी आले.

२३ नोव्हेंबर

तिचं खरंच आहे. किती मागं लागली होती, शीक म्हणून! शाळेमागच्या मैदानावर नेलं, सीटवर बसवलं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, माझे पाय पुरत नाहीत, मला नाही जमणार. मला शेजारी बसायलाच आवडायचं. शिकले असते तर आज गाडी राहिली असती. मी चालवली असती, ती शेजारी बसली असती. तिला ते आवडलं नसतं, पण बसली असती.

२४ नोव्हेंबर

सकाळी चालवणाऱ्याच्या सीटवर बसून पाहिलं. पाय पुरतात.

२७ नोव्हेंबर

श्रेयसला विचारलं, मीच घेऊ का गाडी? हसला नाही बिचारा. "मावशी, चालवणार कोण?" म्हटलं, शिकते. म्हणाला, "तुमच्या अंगणात गाडी असंपर्यंत आई रोज चावी मागणार. कालपण मागितली. माझ्यावर उपकार करा, जाऊ द्या ती."



१ डिसेंबर

हरिचंद आणि मिराबाई म्हणून जोडपं आलं. बांगड्या-टिकल्यांचं दुकान घेऊन आठवडी बाजार करतात. आज या गावी, उद्या त्या. आतापर्यंत सगळा माल टेम्पोत टाकून जायचे, रात्र मंदिराच्या ओट्यावर काढायचे.

तो इंजिन बघत बसला. ती आत चढली. तोटी उघडून पाहिली. पडद्याला हात लावला. मग फळीवर आडवी झाली आणि उठेचना!

"मिरे, निघ आता."

"पडू द्या हो जरा." मग मला म्हणाली, "बाई, दार आतून बंद होतं का?"

होतं म्हटलं. कडी दाखवली. तिनं दोनदा लावून पाहिली. म्हणाली, "मंग झालं. बाईमाणसाला ओट्यावर झोप लागत न्हाई हो. कोण येतंय, कोण जातंय, कान उघडेच राहतात."

मीच श्रेयसला फोन केला. म्हटलं, यांनाच दे. शेगडी काढणार नाहीत ही माणसं.

५ डिसेंबर

गाडी गेली.

निता आली होती. मला वाटलं नव्हतं येईल म्हणून. श्रेयसनं हात धरला तर झिडकारला. सरळ जाऊन आपल्या सीटवर बसली. हरिचंदला खिडकीपाशी उभा करून सगळं समजावून सांगितलं — दुसरा गिअर अडतो, ओढू नको, थांबून टाक. चढावर एसीचं बटण दाबू नको. थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, शिव्या देऊ नको. शाळेतलाच आवाज! तो "व्हय बाई, व्हय बाई" करत होता.

मग बोलायचं संपलं. तरी उतरेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारच्या सीटच्या बाजूला उभी होते. सवयीनं हात दाराकडं गेला. उघडलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. उघडायला हवं होतं. बसायला हवं होतं शेवटचं, तिनं हाकललं असतं तरी.

शेवटी ती आपणच उतरली. गाडी फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेतून मिराबाई हात हलवत होती. निता पाठ करून उभी.

जाताना 'येते' म्हणाली नाही. ही बाई मला तीस-पस्तीस वर्षांत एकदाही 'येते' म्हटल्याशिवाय गेलेली नाही.

७ डिसेंबर

शेजारचे विचारत होते, अंगण मोकळं झालं तर आमची कार लावू का. लावा म्हटलं.

१२ डिसेंबर

निता आली. चालत. ओसरीवर बसली, पाणी प्यायली. मग खाली फरशीकडं बघत म्हणाली, "बाळापूरची पहिली वेळ नव्हती, पद्मे. त्याआधी दोनदा झालं होतं. एकदा तू मागं झोपलेली. शुद्धीवर आले तर गाडी पुलाच्या कठड्याला टेकून उभी. तुला म्हटलं, खड्डा होता."

मी तिचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. ती पुढं म्हणाली,

"नाताळच्या सुट्टीत जाईला एकटीला घेऊन निघणार होते मी. माझी नात. श्रेयसला विचारूनही झालं होतं."

मग दोघी तशाच बसलो. चहा ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.