गारवा सुरू झाल्यावर

प्रतापनगर, नागपूर
मे १९८६

प्रिय उत्तरा,

ट्रंककॉलवर गाडीची हकिकत अर्धीच राहिली. निवृत्तीनंतर तुझ्या बाबांनी खाणीतल्या एका साहेबाकडून ती एसी बसवलेली अँबेसेडर घेतली, तेव्हा मी किती हरखले होते! मे महिन्यातल्या नागपुरात काचा लावून गारव्यात फिरायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला घाम टिपायचीसुद्धा रीत शिकवायच्या. ती आता विसरायला हरकत नाही, असं वाटलं होतं.

पण एसी लहरी निघाला. घरून निघताना गारेगार. सावनेरला यमुआत्यांकडे जाताना कोराडी मागे पडली की वारा बारीक होत जायचा आणि मग नुसती भट्टी. काच उघडावी तर वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक. मेकॅनिक चंपतरावांकडे नेली की पुन्हा हुडहुडी भरेल असा गारवा. ते हसायचे, "बाई, इथं आली का हे गाडी एकदम शहाणी होते. तुमाले वहम तर नाही झाला ना जी?" मला राग आला. मीच म्हटलं, आल्या आल्या तपासू नका; आम्हाला सावनेरला जाऊन यायला लागतो तितका वेळ एसी चालू ठेवून बघा. कुरकुरत ठेवला त्यांनी, आणि दुपार कलताना वारा आटला. उघडून पाहतात तर आतल्या जाळीवर बर्फच बर्फ! त्यानेच वाट अडवलेली. गाडी जरा उभी राहिली की तो वितळायचा आणि सगळं ठीक. बर्फ धरण्याआधी थंडी तोडणारा स्विच बिघडला होता. "बिमारीले तिचा टाइम द्या लागते, बाई," म्हणत त्यांनी तो बदलला. आता एसी बिनतक्रार चालतो.

पण त्या भट्टीत एकदा बाबांनी वळून मला विचारलं होतं, "बाई, तुम्हाला कुठं उतरायचंय?" लग्नानंतर ते असंच काहीतरी विचारून मला हसवायचे. मी म्हटलं, "तुम्ही न्याल तिथं." ते हसले नाहीत. उन्हाचा त्रास, असं मी मनाला समजावलं. मागच्या आठवड्यात, छान गारव्यात, त्यांनी पुन्हा तेच विचारलं. एसी दुरुस्त झाला आणि माझी ती सबबही गेली.

दिवेलागणीनंतर मी त्यांना परकी होते, उत्तरा. मला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावतात. मी हाका मारते, तर दारापलीकडून किती मायेने समजावतात, "घाबरू नका, माझी बायको येईलच. ती तुम्हाला घरी पोहोचवेल." सकाळी कडी काढतात, चहा मागतात आणि मी तिथं का निजले म्हणून रागावतात. डॉक्टर सकाळीच येतात. बाबा त्यांना विनोद सांगतात. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, तेही मला.

तुझा फोनही सकाळचाच असतो, आणि तू येतेस ती धावती. आईला कुरकुरायची सवय, असं तुला वाटतं, ते मला कळतं. या खेपेला राहायला ये. चांगले दिसले म्हणून लगेच परतू नकोस. संध्याकाळ होऊ दे. गाडी अजून तेच चालवतात. किल्ली तुला देतील. परक्या बाईला कशी देतील? उत्तर लिहीत बसू नकोस, तूच ये. आणि आलीस तेव्हा माझ्या दाराला कडी दिसली, तर आधी त्यांच्याजवळ बस, त्यांचा हात हातात घे. ते फार घाबरलेले असतात. माझं दार मग उघड.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
आई