बहिरी फरशी

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला, तुझी शाल रोज अंगावर असते. बाबांचा गुडघा कसा आहे?

जिवात जीव आला बघ. संगणकाच्या परीक्षेत माझी सगळी मुलं पास झाली.

आमच्या शाळेत संगणक एकच, तोही बंद पडलेला. म्हणून मी वर्गाच्या फरशीवर खडूने कीबोर्ड काढून शिकवत होते. पण खडूच्या अक्षरावर बोट ठेवलं तर उमटणार काय? मग मी नियम केला, जे अक्षर दाबाल ते मोठ्याने म्हणायचं.

परवा मोठ्या शाळेत परीक्षा झाली, खऱ्या संगणकांवर. मुलांनी बोटं चालवली आणि खोलीत क, म, ल असा नुसता कालवा. परीक्षक म्हणाले, "तोंडं बंद." तोंडं बंद झाली, तशी बोटंही थांबली. शेवटी तेच वैतागून म्हणाले, "बरं, पुटपुटा." मग गाडी रुळावर आली.

बाहेर पडल्यावर सगळ्यांत धाकटी मुलगी मला म्हणते, "बाई, आपली फरशी बहिरी आहे. त्या संगणकाला न बोलताच कळतं."

तूही माझं पत्र मोठ्याने वाचतेस, बाबांना ऐकू जावं म्हणून. इथून पुढचं मात्र मनात वाच. "तिथं तू टिकायची नाहीस," असं ते म्हणाले होते ना, तशी मी मध्ये परत यायला पिशवी भरली होती. काल रिकामी केली.

तुझी,
धाकटी