नोकराने लपवलेलं पत्र

कुडवा, गोंदिया
१९ नोव्हेंबर २०२५

चि. नीलेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आमगावला आईचं धान कापून झालं, मळणी बाकी आहे. तिचे गुडघे दुखतात, पण धानाच्या बांधीवर जायचं ती सोडत नाही. तुझे भाऊजी रोज राईस मिलमधून नाकात कोंडा भरून घरी येतात आणि जेवताना शिंकतात. माझ्या ट्यूशनला यंदा अकरा पोरं आहेत.

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणत राहतोस आणि मी गप्प बसते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तुझं पुस्तक पाहिलं. तू पाठवलं नाहीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, मीही वाटून घेतलं नाही. शेजारची खुशी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते, तिने आणलं. म्हणाली, “काकू, ये सर तो बिलकुल आपके जैसा पढ़ाते हैं.” मी म्हटलं, असतात अशी माणसं.

कव्हरवर तुझा हाताची घडी घातलेला फोटो छान आलाय. पोट दिसत नाही. आत लिहिलंस, इंग्रजी शब्दांच्या या दोनशे बारा जोड्या म्हणजे तुझ्या पंधरा वर्षांच्या अध्यापनाचं सार. बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, बारावीला तुला इंग्रजीत पास करायला मी आमगावच्या ओट्यावर बसून वहीत लिहिल्या, त्या या जोड्या. नागपूरला जाताना ती वही तू ट्रंकेत घातलीस, तेव्हा ‘बॉरो’ आणि ‘टेक’ यांतला फरक मी तुला शिकवलेला होता.

वाक्यंही तीच ठेवलीस. बाबांना आईची हाक ऐकू येते, ते ‘हिअर’. बाबा रेडिओवरच्या बातम्या ऐकतात, ते ‘लिसन’. गाय दमली, ते ‘टायर्ड’. मुन्नामामा उठत नाही, ते ‘लेझी’. आता मुन्नामामाचा आळस नागपूरच्या पोरांना तोंडपाठ असेल. त्याला कळवलं नाही. कळवलं तरी तो उठून काय करणार आहे.

आता तुझा निरोप आला, “ताई, दुसरी वही पाठव ना, दुसरा भाग काढून राहिलो.” वही आहे माझ्याकडे. तिच्यात एकशे साठ जोड्या आहेत. पाठवायची की नाही, हे कळवायलाच हे पत्र. त्याआधी एक गोष्ट.

तुझं पुस्तक मी खुशीकडून मागून घेतलं आणि ओळ न् ओळ वाचलं. पोरांच्या वह्या तपासून ती सवय लागली आहे. तू काहीच बदललेलं नाहीस. गायसुद्धा आपलीच. फक्त एका जागी एक शब्द बदललास. पान एक्क्याऐंशी, ‘लॉस्ट’ आणि ‘हिडन’. ही जोडी कुठल्या पुस्तकात नसते, कारण यांत कोणाचा गोंधळ होत नाही. ती मी मुद्दाम लावली होती.

तुझ्या बारावीच्या फेब्रुवारीत मी देवरीकडच्या एका शाळेच्या मुलाखतीच्या पत्राची वाट पाहत होते. इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा होती. तू म्हणालास, पोस्टात गहाळ झालं असेल. मुलाखतीची तारीख गेली. मग आठवडी बाजारात यादोराव पोस्टमन भेटले. “चिठ्ठी त मी तुह्या भावाच्या हातात देलो ना बाई. काऊन, भेटली नाही का?”

मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “त्याले आता काही बोलू नको. पेपर हाये त्याचा. तू गेली असती त त्याले कोण शिकवलं असतं?”

म्हणून बोलले नाही. वहीत लिहिलं. पत्र पोस्टात गहाळ झालं, ते ‘लॉस्ट’. माझ्या भावाने पत्र लपवलं, ते ‘हिडन’. आपल्याकडे प्रत्येक वाक्य दहा वेळा लिहायची रीत होती. तू माझ्यासमोर बसून तेही दहा वेळा लिहिलंस. मान वर केली नाहीस. अक्षर नेहमीसारखंच गिचमिड.

मला वाटलं, आपण काय केलं ते पोराला कळलंच नाही. सतरा वर्षांचा होतास, बहीण गेली तर नापास होऊ, एवढंच तुला कळत होतं. एकवीस वर्षं मी तुला याच एका गोष्टीवर माफ करत आले. दर राखीला, दर भाऊबीजेला. त्याला कळलं नाही, जाऊ दे.

आणि पुस्तकात छापलंय, ‘माय सर्व्हंट’ने पत्र लपवलं.

आपल्या घरी नोकर कधी होता, नीलेश? भांडी मी घासत होते, पाणी मी भरत होते. मग हा नोकर तू कुठून आणलास? दोनशे बारा जोड्यांत तुला एकच शब्द बोचला. म्हणजे तुला तेव्हाही कळलं होतं. दहाही वेळा.

पुस्तकावर माझं नाव नको. सध्या नावासोबत तुझा तो हाताची घडी घातलेला फोटो लागतो, त्याच्या शेजारी बसणं मला परवडणारं नाही. दुसऱ्या भागात काय छापायचं तेही तूच ठरव.

वही मात्र अशी मिळणार नाही. पान एक्क्याऐंशीवरचं ते वाक्य दहा वेळा लिही. मूळचं, भावाचं. हाताने. व्हॉट्सॲपवर फोटो चालणार नाही, साध्या पोस्टाने पाठव. ते आलं की वही त्याच दिवशी निघेल.

गहाळ व्हायची भीती बाळगू नकोस. इथे टपाल मी स्वतः घेते.

दुर्गेश्वरी