रक्तातला शनिवार

मूल, जिल्हा चांदा
ता. १८ डिसेंबर १९५९

चि. कौतिकास वारलूभाऊचा आशीर्वाद.

इथी सारे बरे आहेत. खळ्यावर धान चुरणं सुरू आहे, म्हणून दोन दिवस गावी आलो. नागपूरच्या दवाखान्यात बाबापाशी रामाजीकाका बसून आहेत. बाबा पेज पिते, थोडं बोलते.

सोमवारी तिथूनच तुले पोस्टकार्ड टाकलो होतो. तू वडशाले जाऊन बिरजूसंगं लग्न लावलं म्हणून बाबाचं काळीज फाटलं, आता तोंड दाखवू नको, असं. ते मिळालं असन.

त्या कार्डापायीच लिहून राह्यलो. मले सारं समजलं असं नाई.

दवाखान्यात चार दिवस रोज बाबाचं रक्त काढलं. काऊन एवढं, म्हणून विचारलो. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं मांस दुखावलं की त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं. नवी तपासणी आहे. ते दोन दिवस वाढतं, मग आठवडाभरात ओसरतं. तुमच्या वडलांचं वाढून आता उतरतंय. म्हणजे झटका तुम्ही इथं आणलंत त्याच्या आदल्या दिवशी आला. शनिवारी."

"नाई साहेब, पंधरा दिवस झाले. पोरगी गेली तवापासून त्याची छाती दुखे."

"तेव्हाचा असता तर रक्त कधीच निवळलं असतं. शनिवारी काय झालं होतं?"

मी म्हटलो, काही नाई.

कौतिके, रक्ताले वार कसा समजते? कधी वाटते डॉक्टर चुकला. कधी वाटते, मलेच चुकीचं आठवते. पण आठवते ते असं.

शनिवारी सकाळी बाबानं बंडी जुपली. "टेशनावर जातो. वडशाहून पोरीले घेऊन येतो," म्हणे. मी बैल सोडलो. साऱ्या गल्लीसमोर म्हटलो, ती या घरात आली तर मी निघालो. बाबा पायीच निघाला. धानाच्या गिरणीपाशी पडला.

डॉक्टरले पुन्हा विचारलो, बोलण्यानं असं होते का. "ते रक्त सांगत नाही," म्हणाले. मग कोण सांगन? तुझ्या जाण्यानं असन, माझ्या बोलण्यानं असन, नाईतर पायी चालल्यानं. पण तो सारा भार मी तुझ्या एकटीच्या डोक्यावर टाकलो.

बाबा डोळा उघडला की विचारते, कौतिका निघाली का. मी म्हणतो, निघाली. अन् तुले तर मी येऊ नको म्हणून लिहिलो.

ये. बिरजूलेही आण. सोमवारपासून मी दवाखान्यातच आहो. मले पाहायचं नसन तर मी दाराबाहेर बसीन.

तू म्हणशील तर भाऊ,
वारलू