थालीपीठ कोणाच्या हातचं

बाबा, तुम्ही स्वयंपाक करत होतात, हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आणि हे मला परवा कळलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही तोक्योत राहतो, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत, सातव्या मजल्यावर. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं आणि पुढचं अजून मिळालेलं नाही. हिची नोकरी चालू आहे, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. स्वस्तातलं आणि रोज काहीतरी नवीन करायचं, असा मी नेम धरलाय. खालच्या बाजारगल्लीत एक म्हातारे तोफूवाले आहेत. तोफू केल्यावर सोयाबीनचा जो चोथा उरतो, ओकारा म्हणतात त्याला, तो ते पिशवीभर जवळजवळ फुकटच देतात. मी त्याचे वडे केले, उपम्यात घातला, एकदा तर चक्क शिरा केला. लेकीनं एक घास घेतला आणि जपानीत "मुरी" म्हणून मोकळी झाली. म्हणजे, नाही जमणार. परवा दुपारी त्याचं थालीपीठ लावलं, तर उलटताना मोडलं. दुसरंही मोडलं. तेव्हा मला आपल्याकडची कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपीठं आठवली. एवढा पाणीदार गर, पण ती कधी मोडली नाहीत. शाळेतून दीड वाजता घरी यावं तर पानात तयार. तुम्ही तोवर सेकंड शिफ्टला निघून गेलेले असायचात. कोबीचे देठ, दोडक्याच्या शिरा, फ्लॉवरचे दांडे, आपल्या घरी काही वाया जायचं नाही. शेजारच्या काकू कृती विचारायला यायच्या आणि आई हसून विषय बदलायची. किती साधी आहे आपली आई, असं मला वाटायचं.

मी पुण्याला फोन लावला. "आई, कलिंगडाच्या थालीपिठात तू काय घालायचीस गं? माझी मोडतायत."

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मला नाही माहीत रे."

"विसरलीस?"

"विसरायला आधी यायला हवं ना. ती हे करायचे."

"हे म्हणजे?"

"म्हणजे तुझे बाबा. भिजवलेले पोहे कुस्करून घालायचे बहुतेक. तू शाळेत गेलास की सगळं तेच करायचे. पोळ्या तेवढ्या माझ्या."

मी गॅस बंद केला. माझे हात ओकाऱ्यानं बरबटलेले, फोन ओट्यावर उभा, आणि पडद्यावर आई इतक्या सहज सांगतेय की जणू पाऊस पडतोय का म्हणून मी विचारलं होतं. "लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी चार पाहुण्यांदेखत माझी भाजी बाजूला सारली. माझ्या हाताला चव नव्हतीच, खोटं कशाला बोलू. मग हे म्हणाले, मी करत जाईन, कुणाला सांगायचं मात्र नाही. पुढे लोक माझंच कौतुक करायला लागले. मग सांगायचं राहूनच गेलं." आणि शेवटी, हळूच, "तुझ्या ताईला नको सांगूस हं." मी हो म्हणालो.

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरातच खाली बसलो. कारण मला नववीतले ते आठ दिवस आठवले. मावशीच्या ऑपरेशनसाठी आई नाशिकला गेलेली, तुम्ही रजा घेतलेली. तुम्ही माझ्या पानात फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी वाढता. मी एक घास खातो, ताट पुढे सरकवतो आणि म्हणतो, "आईच्या हातची चव नाही." तुम्ही हातात पळी घेऊन उभे आहात. "तिची कशी येईल मला?" एवढंच म्हणता, आणि मला विकतची पोळी दुधात कुस्करून देता. आठही दिवस मी दूध-पोळीच खाल्ली. माझी उरलेली भाजी तुम्ही खाल्लीत. बाबा, आदल्याच आठवड्यात तीच भाजी मी बोटं चाटून खाल्ली होती. तीच. तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?

मग मी उठलो. इथल्या भारतीय दुकानातले पोहे होते, ते भिजवले, पिठात कुस्करले. थालीपीठ अखंड निघालं. मी ते ओट्याशी उभ्यानंच खाल्लं. चव बरी होती का, ते सांगता येणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि आईला दाखवण्याचा प्रश्नच नाही. फक्त एक सांगून टाकतो. ही ऑफिसातून आली, गरम थालीपीठ खाल्लं आणि म्हणाली, "जमलं की! कुणाची कृती?"

"आईची," मी म्हणालो.

आईला शब्द दिलाय म्हणून, असं मी मनाशी म्हटलं. पण आईनं फक्त ताईचं नाव घेतलं होतं. हिला तुमचं नाव सांगितलं असतं, तर ते आठ दिवसही सांगावे लागले असते, आणि तेवढं धैर्य मला झालं नाही.